हास्यवायू आणि प्राणवायू

नायट्रस ऑक्साइड हा ‘हास्यवायू’ म्हणून करमणुकीच्या खेळांत वापरला जाई. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झालेल्या अशाच एका खेळात, वायू हुंगलेल्या इसमास पायाची जखम जाणवली नाही, हे दंतवैद्य होरेस वेल्स याने पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या वायूच्या अंमलाखाली स्वतःची दाढ काढवून घेतली.

नावामुळे लक्ष मात्र भलतीकडे गेले. या वायूच्या निर्धोकपणाचा प्रश्न हसण्याशी नव्हे, प्राणवायूशी निगडित आहे. शुद्ध स्वरूपात दिल्यास तो फुप्फुसांतील प्राणवायूची जागा बळकावतो. पूर्वी रोगी निळा पडेपर्यंत तो देत. ज्यास भूल समजत, ती बऱ्याच अंशी गुदमर होती. १८६८ साली शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी त्यात प्राणवायू मिसळण्याचा मार्ग सुचविला. आजच्या दंतचिकित्सेच्या यंत्रांत प्राणवायू सामान्यतः ३० टक्क्यांखाली उतरू शकत नाही. त्याचा पुरवठा तुटताच हास्यवायूही थांबतो.

यंत्राने सारे साधते असे मात्र नाही. प्रथम केवळ प्राणवायू देऊन हास्यवायू थोडाथोडा वाढवीत न्यावयाचा असतो, आणि कोठे थांबावे हे रोग्याच्या बोलण्यावरून कळते. ‘तोंड उघडा’ म्हणताच तो उघडतो, विचारल्यास उत्तर देतो, तोवर ती गुंगी होय. उत्तर येईनासे झाले की मर्यादा ओलांडली. मात्रा तत्काळ उतरविली पाहिजे. (मराठीत गुंगी व बेशुद्धी या दोहोंस ‘भूल’ हा एकच शब्द चालतो, हे येथे गैरसोयीचेच.) रोग्याशी बोलत राहणे ही म्हणूनच केवळ सौजन्याची बाब नव्हे.

उपचार संपताच रक्तातील वायू वेगाने फुप्फुसांत परततो व तेथील प्राणवायू विरळ करतो. यास्तव शेवटी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू देतात. शरीरातील बंदिस्त पोकळ्यांतही तो शिरतो. छातीच्या पोकळीत हवा साचली असता, आतड्यास अडथळा असता, किंवा डोळ्यात नुकताच वायू भरला असता तो वर्ज्य होय. शिवाय तो बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. या जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी लोकांत पुष्कळदा आढळते; तेव्हा रोग्याचा आहार विचारणे, विशेषतः वायू वारंवार द्यावयाचा असल्यास, आपल्याकडे अगत्याचे आहे.