तूस, पेंढा आणि वीजकेंद्राचे पाणी

भात भरडून झाला की तूस उरते, झोडणीनंतर पेंढा. दोन्ही पुन्हा शेताच्या कामी आणणे, हे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीचे पहिले सूत्र. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या परिसरातल्या शेतकऱ्यांसाठी ते फार मोलाचे आहे. तुसाची काळसर राख रोपवाटिकेच्या मातीत मिसळतात. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपे कणखर होतात. पेंढा नांगरणीत गाडला की पालाश जमिनीला परत मिळते.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावरच्या फांद्या तोडून लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरतात. पाने गळून कुजतात, नत्र देतात. उरलेल्या काटक्या चुलीत जातात.

तिसरे सूत्र, ठरावीक अंतरावर लावणी. चौथे, चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी. खत पाण्यासोबत वाहून जात नाही.

इथले पाणीही दोनदा राबते. 1922 साली सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेले पाणी राजनाल्याने उन्हाळी भाताला मिळते. खोपोलीच्या वीजकेंद्राचे पाणी पाताळगंगेत उतरते आणि खालापूर तालुक्यातल्या कारखान्यांना उपयोगी पडते. राजनाल्याचे पाणी शेवटच्या खाचरापर्यंत पोचण्यासाठी कालव्यांची देखभाल दर वर्षी वेळेवर व्हायला हवी.