भंगारातल्या वायपर मोटरवर घराचं गेट सरकतं, पण ते थांबतं का?

बटण दाबलं की लोखंडी गेट आपोआप बाजूला सरकतं आणि खाली कॅप्शन असते, ‘भंगारातून बनवलं, विषय हार्ड’. असे रील तुमच्याही फीडमध्ये आले असतील. कोल्हापूरला याचं फार नवल नाही. १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला होता, आणि शिवाजी उद्यमनगरात आजही लेथवर पार्ट करून मिळतो.

तर हे गेट चालतं कसं?

चाकांवर उभं असलेलं २०० किलोचं गेट ढकलायला २०० किलोचा जोर लागत नाही. रूळ सरळ आणि बेअरिंग चांगले असतील तर साधारण ६ ते १० किलोचा जोर पुरतो. म्हणून जुन्या कारची १२ व्होल्टची वायपर मोटर इथं कामाला येते. तिच्या आत वर्म गिअर असतो, त्यामुळे ती हळू फिरते पण जोर भरपूर लावते. मोटरला बाईकचं १४ दात्यांचं स्प्रॉकेट बसवायचं, चेनची दोन्ही टोकं गेटला बांधायची आणि मधे ती स्प्रॉकेटवरून फिरवायची. एका फेऱ्यात गेट सुमारे १८ सेंटीमीटर सरकतं. मिनिटाला ४५ फेरे धरले तर ४ मीटरचं गेट अर्ध्या मिनिटात उघडतं. बॅटरीवर असल्यानं लाईट गेली तरी अडत नाही.

गेट परत आणायला करंटची दिशा उलटी करावी लागते, त्यासाठी दोन रिले लागतात. इथं बरेच जण फसतात. अनेक वायपर मोटरींची बॉडीच निगेटिव्ह असते. बॅटरीचं निगेटिव्हही गेटच्या लोखंडाला जोडलेलं असेल, तर दिशा बदलताच थेट शॉर्ट! म्हणून मोटर आणि लोखंड यांच्यात रबर, आणि बोल्टला प्लास्टिकचं बुश हवं.

पण खरा धोका वेगळाच आहे. गेट कशाला अडलं तरी मोटर ढकलत राहते, आणि छोट्या स्प्रॉकेटवर हा जोर १०० किलोच्या आसपास जाऊ शकतो. युरोपातल्या मानकात अरुंद फटीसाठी ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो, एवढीच मर्यादा आहे. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये काही दिवसांच्या अंतरानं दोन लहान मुली मोटरवर चालणाऱ्या सरकत्या गेटमध्ये चिरडून गेल्या.

लिमिट स्विच गेटला टोकाला थांबवतो. मधे मूल उभं आहे, हे त्याला कळत नाही. मोटर अडली की ती एकदम जास्त करंट ओढते. ते ओळखून गेट मागे घेणारं सर्किट, कडेला रबराची पट्टी आणि गुडघ्याच्या उंचीवर फोटो सेन्सर, एवढं हवंच. रुळाच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग केलेले स्टॉपर आणि वर गाईड रोलरही हवेत, नाहीतर गेट रूळ सोडून अंगावर येतं. शिवाय वर्म गिअरमुळे अडलेलं गेट हातानं मागे ढकलता येत नाही. चेन पटकन सोडवता येईल अशी पिन ठेवायची, आणि ती कुठं आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवायचं.

पावसाळ्यात रुळात चिखल बसला की गेट जड होतं, करंट वाढतो आणि सर्किट उगाच गेट थांबवतं. मग वैतागून कुणीतरी सेटिंग वाढवतं, आणि मूल अडलं तरी गेट थांबेनासं होतं. त्यापेक्षा रूळ झाडून घेतलेला बरा.