पैसा जातो कसा?

व्यवहारात काही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांचा नेमका अर्थ काय, असा प्रश्नच मनात येत नाही. ‘पैसे पाठवले’ हा त्यांपैकीच एक शब्दप्रयोग. दुकानातील क्यूआर कोडवर मोबाईल धरायचा, पिन टाकायचा, की दोनचार सेकंदांत पैसे गेले! वस्तुतः कोठूनही काहीही जात नाही. एका बँकेच्या वहीत ग्राहकाच्या नावे रक्कम पडते आणि दुसऱ्या बँकेच्या वहीत दुकानदाराच्या खात्यावर तेवढीच रक्कम जमा होते. या दोन बँका परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या असतात. मग एकीच्या नोंदीवर दुसरीने विसंबावे तरी कसे? प्रस्तुत लेखात मी या प्रश्नाचा विचार करणार आहे.

प्रश्न तसा जुनाच आहे. रोकड घेऊन दूरचा प्रवास करणे धोक्याचे होते, त्या काळी व्यापारी हुंडी लिहून देत. एका गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावची पेढी वटवीत असे. कारण लिहिणाऱ्याची पत तिला ठाऊक असे. पुढे बँका आल्या आणि धनादेश आले. मोठ्या शहरांत निरनिराळ्या बँकांचे कर्मचारी ‘क्लिअरिंग हाऊस’मध्ये एकत्र येत, एकमेकांवरचे धनादेश एकमेकांच्या हवाली करीत आणि देणे-घेणे वळते करून उरलेल्या रकमेचाच हिशेब चुकता करीत. धनादेशाचा कागद या शहरातून त्या शहरात जाईपर्यंत ग्राहकाला मात्र कित्येक दिवस वाट पाहावी लागे. २००८ साली दिल्लीत कागदाऐवजी त्याचे चित्र पाठवण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे देशभर पसरली.

त्याच २००८ साली रिझर्व्ह बँक व इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. नफा मिळवणे हा तिचा हेतू नाही. बँकांनी मिळून वापरायचा एक सामाईक रस्ता बांधणे व राखणे, हे तिचे काम. २०१६ साली तिने ‘यूपीआय’ सुरू केले. आज चहाच्या टपरीपासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत जे चालते, ते हेच.

आता एका व्यवहारात किती जणांचा हात लागतो ते पाहू. समजा, एका ग्राहकाने दुकानदाराला २०० रुपये द्यायचे ठरवले. पहिला पक्ष मोबाईलमधील ॲपचा. ॲप बँक नव्हे; ते ग्राहकाचा निरोप घेऊन जाणारा जासूद. ग्राहकाचा पिन कुलूपबंद होऊन पुढे जातो; ॲपलाही तो वाचता येत नाही. निरोप कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे पोहोचतो. ती ग्राहकाच्या बँकेला विचारते, ‘पिन बरोबर आहे का? शिल्लक आहे का?’ बँक तपासते, २०० रुपये नावे टाकते आणि होकार कळवते. मग यंत्रणा दुकानदाराच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते. तिचा होकार आला, की दोन्हीकडे संदेश जातात.

परंतु येथे एक गंमत आहे. दुकानदाराच्या खात्यावर २०० रुपये दिसू लागले, तरी त्याच्या बँकेला ग्राहकाच्या बँकेकडून अद्याप एक पैसाही मिळालेला नसतो! तिने विश्वासावर रक्कम जमा केलेली असते. प्रत्यक्ष हिशेब नंतर होतो. ‘अ’ बँकेच्या ग्राहकांनी ‘ब’ बँकेच्या ग्राहकांना ९० लाख दिले आणि उलट बाजूने ७५ लाख आले, तर ७५ लाख वळते होऊन ‘अ’ने ‘ब’ला केवळ १५ लाख द्यायचे उरतात. असा हिशेब सर्व बँकांचा मिळून दिवसातून अनेकदा होतो. प्रत्येक बँकेचे एक खाते रिझर्व्ह बँकेत असते. त्या खात्यांवर ही बाकी नावे-जमा केली, की व्यवहार खऱ्या अर्थाने पुरा झाला.

आपल्या खेड्यांतील सावडीची येथे आठवण होते. आज चौघे मिळून एकाचे शेत लावतात, उद्या दुसऱ्याचे. कोणाचे किती दिवस फिरले आणि किती उरले, हे सर्वांच्या लक्षात असते. फरक एवढाच, की सावडीत माणसे एकमेकांना ओळखतात. बँकांच्या सावडीत ओळखीच्या जागी कायदा (२००७ चा देयक व तडजोड प्रणाली कायदा) आणि रिझर्व्ह बँकेची देखरेख असते.

सावडीतला एखादा गडी ऐन वेळी आलाच नाही, तर? आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात माझी आत्या भाजी विकते. एकदा एका गिऱ्हाइकाने १८० रुपये दिल्याचे मोबाईलवर दाखवले. आत्याकडे मात्र काहीच संदेश नव्हता. “माझे कापले गेलेत, मावशी,” तो म्हणाला. “माझे आले नाहीत, दादा,” आत्या म्हणाली. दोघेही खरेच बोलत होते! त्याच्या बँकेने रक्कम नावे टाकली होती. दुसऱ्या बाजूचा होकार मध्येच अडकला होता. १८० रुपये म्हणजे तिच्या त्या सकाळच्या नफ्याचा मोठा भाग. अशा वेळी नुकसान कोणी सोसावे?

याचे उत्तर नियमांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती व्यवहारानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत टळली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही मिळाली पाहिजे. बँकेने तक्रारीची दाद घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.

यातून विक्रेत्याने घ्यायचा धडा साधा आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण ही गिऱ्हाइकाच्या बाजूची साक्ष. आपल्या खात्यावर रक्कम जमा झाली, हे आपल्याच बँकेच्या संदेशावरून ठरवावे. पैसे कापले गेलेल्या गिऱ्हाइकानेही भाजीवालीशी वाद घालू नये. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवून आपल्या ॲपकडे वा बँकेकडे तक्रार करावी. दोघांमधला तंटा मिटवण्याचे काम त्या दोघांचे नव्हेच. ते ज्यांच्या वह्या आहेत, त्यांचे.

मला सर्वांत खटकते ती गोष्ट ही, की इतके सगळे पक्ष एकमेकांशी क्षणार्धात बोलतात, परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याशी कोणीच नीट बोलत नाही. भरपाईचा हा नियम आत्याला कोणत्याही बँकेने सांगितला नव्हता. तिच्या शेजारी बसणाऱ्या कोणा विक्रेत्यालाही तो ठाऊक नव्हता. म्हणून माझी विद्यार्थी मित्रांना विनंती आहे, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण या नियमांचा एक साधा मराठी तक्ता तयार करावा आणि तो बाजाराच्या दिवशी कट्ट्यावर लावावा. अर्थशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांनी तो तपासून दिला, तर काम अधिक चोख होईल.