अकीक की लाकूड?

विदर्भात दगड जमवणारे दोघे भेटले की एक वाद हमखास रंगतो : हातातला तुकडा अकीक की दगड झालेले लाकूड? वाद पोकळ नाही. दोन्हींचे द्रव्य बहुधा एकच, सिलिका. कठीणपणा मोहसच्या मापावर साडेसहा-सातच्या आसपास. चाकूचा ओरखडा दोन्हींवर उठत नाही आणि लिंबू पिळले तरी फेस येत नाही. या कसोट्यांनी कॅल्साइट बाजूला काढता येतो, हे दोघे मात्र वेगळे होत नाहीत. आज आपण हा वाद ज्या पद्धतीने सोडवतो, ती जमून यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

त्याआधीचे शहाणपण मणी घडवणाऱ्यांचे. सातवाहनकाळात तेर, भोकरदन, नेवासे इथे अकिकाचे मणी वापरात होते; खंबायतचे कारागीर तर आजही भट्टीत तापवून फिक्या दगडाला लाल रंग आणतात. या माणसांची नजर तयार होती, पण ती रंग, पट्टे आणि पाणी बघणारी. आत झाड आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न नागपुरात गांभीर्याने विचारला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी. शहराजवळच्या टाकळी भागात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून त्यांनी फळे, बिया, शिंपले आणि लाकूड गोळा केले. 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा लेख आला. 1863 मध्ये हिस्लॉप बुडून वारले. नागपूरकरांना ते कॉलेजच्या नावामुळे माहीत आहेत. दगडवाल्यांनी त्यांना वेगळ्या कारणासाठी आठवावे. कोणत्या थरात काय सापडले, हे ते नोंदवत होते.

खरी कलाटणी मिळाली ती 1930च्या दशकात, लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्यामुळे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलानच्या चर्ट या सिलिकायुक्त दगडांवर त्यांनी आणि के. पी. रोडे यांनी काम केले. हा चर्ट दिसायला अगदीच सामान्य, शोकेसमध्ये कोणी ठेवणार नाही असा. त्यातूनच निपा या खाजणात वाढणाऱ्या ताडवर्गीय झाडाचे फळ निघाले. म्हणजे आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या भागाजवळ तेव्हा खारे पाणी असावे. चकचकीत अकिकांच्या पेटाऱ्यापेक्षा मला हा एक कळकट दगड मोलाचा वाटतो.

आतली वनस्पती ओळखायला अशा दगडाचा पातळ छेद घेणे हे चिकाटीचे काम. दगड हिऱ्याच्या करवतीने आडवा चिरायचा, एक बाजू घोटून काचपट्टीला चिकटवायची आणि दुसरी बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत राहायचे. उरलेला पापुद्रा मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका झाला की त्यातून उजेड आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजता येतात.

संग्राहकाने यातून उचलायची गोष्ट एकच : तुकडा बाजूने नव्हे, तोंडाकडून बघा. नवखा माणूस वर्तुळे शोधतो आणि तिथेच फसगत होते, कारण वर्तुळे अकिकात भरपूर असतात. लाव्हातल्या वायूच्या पोकळीत सिलिकेचे थर भिंतीकडून आत साचत गेले, म्हणून अकिकाचा पट्टा पोकळीच्या कडेचे वळण गिरवतो. कोपरा आला की तोही कोपऱ्यात वळतो आणि मध्यभागी अनेकदा क्वार्ट्झचे स्फटिक असतात. लाकडात वलये असलीच तर त्यांना छेदून केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेघा दहापट भिंगाखाली दिसतात. बाजूने पाहिले तर तंतू एकाच दिशेने धावतात. अकिकाला अशी दिशा नसते.

ताड-माडाची गोष्ट आणखी निराळी. त्यांना वर्षवलये नसतातच. आडव्या छेदात नुसते ठिपके, कडेला दाट आणि मध्ये विरळ. आपल्या लाव्हाथरांमधल्या गाळात असे लाकूड पुष्कळ. वर्तुळे नाहीत म्हणून किती ठिपकेदार तुकडे बांधावर फेकले गेले असतील! उलट, 'मॉस अ‍ॅगेट'मधली हिरवी-काळी नक्षी शेवाळ म्हणून मिरवते. तिचा वनस्पतीशी काही संबंध नाही, ती खनिजांची करामत.

साहनींचे सगळेच टिकले असे नाही. वनस्पतींवरून त्यांनी हे थर इओसीन या नंतरच्या काळातले ठरवले होते. 1980च्या दशकात किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून केलेल्या कालमापनाने दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपर्यंत मागे नेला. वयाचा निष्कर्ष मागे पडला, पेशींचे वाचन मात्र कायम राहिले. हौशी माणसांनीही भर घातली. मंडला जिल्ह्यातले तेव्हाचे सांख्यिकी अधिकारी धर्मेंद्र प्रसाद यांच्या खटपटीतून घुघवाच्या दगडी खोडांकडे लक्ष गेले, आणि 1983 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आता साधने स्वस्त झाली, भिंग खिशात मावते, मोबाइलचा कॅमेरा तर बारीकसारीक सगळे टिपतो. अडचण दुसरीकडेच आहे. बाजारात तुकडे येतात ते घासूनपुसून, बऱ्याचदा रंगवून. साखरेच्या पाण्यात मुरवून गंधकाम्लाने अकीक काळा करायची जर्मन युक्ती जुनीच आहे. झगझगीत गुलाबी किंवा निळा दिसला तर तो रंगवलेलाच समजावा. रंग एक वेळ ओळखता येतो. दगड कुठल्या गावचा, विहिरीतून निघाला की नदीपात्रात वाहून आला, हे गेले की गेलेच. ठिकाण नसलेले लाकूड अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मे मेलेले असते.

तेव्हा घरात असे दगड असतील तर आजच चिठ्ठ्या लिहा : गाव, तालुका, विहीर की शेत, महिना-साल, आणि आजूबाजूला मुरूम होता की काळा खडक. चर्टमध्ये बी किंवा फळासारखे काही दिसले तर पॉलिश करायला देण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. आणि संरक्षित जीवाश्म उद्यानात गेलात तर फोटो काढा, दगड तिथेच राहू द्या.