कोरोनाकाळातले अमेरिकी शेतकऱ्यांचे चेक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोरोनात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना सरकारने घरबसल्या चेक वाटले, असं आपल्याकडे आजही सहज बोललं जातं. आयोवा राज्याच्या वायव्य टोकाला सू काउंटी आहे. डुक्करपालन आणि गुरांसाठी नावाजलेल्या या ग्रामीण भागात पैसा कोणत्या नियमांनी आला हे पाहिलं, की चित्र बदलतं.

आपोआप काहीच आलं नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय कृषी खात्याने १,६०० कोटी डॉलर थेट शेतकऱ्यांना द्यायचं जाहीर केलं. २६ मेपासून काउंटीच्या शेतीसेवा कार्यालयांत अर्ज सुरू झाले. कार्यालयात प्रत्यक्ष जाता येत नव्हतं, म्हणून कामं फोनवर चालली. कोणी पंचनाम्याला आलं नाही. किती विकलं, किती शिल्लक आहे हे शेतकऱ्याने स्वतः लिहून द्यायचं आणि मागितल्यावर कागद दाखवायचे. हे कर्ज नव्हतं, परतफेड नव्हती, पण रक्कम करपात्र उत्पन्नात धरली गेली.

सगळ्यात खोल रुजलेला समज म्हणजे ‘ज्याचं जेवढं नुकसान, तेवढी मदत’. कत्तलीसाठी पोसून तयार केलेली गुरं घ्या. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या प्रत्येक जनावरामागे २१४ डॉलर मिळाले. १६ एप्रिलनंतर गोठ्यात असलेल्या जनावरामागे फक्त ३३. म्हणजे २०० गुरं मुदतीच्या आत विकलेल्याला ४२,८०० डॉलर, आणि तितकीच गुरं अडकून पडलेल्याला ६,६००. वास्तविक एप्रिलच्या उत्तरार्धातच मांसप्रक्रिया कारखाने एकामागून एक बंद पडत होते. ज्यांना विकायला गिऱ्हाईकच उरलं नाही, त्यांनाच कमी मिळालं. अंमलबजावणीला कागदोपत्री तारीख लागते हे मान्य, पण ही तारीख अन्यायाचीच होती. सप्टेंबर २०२० च्या दुसऱ्या फेरीत शिल्लक गुरांमागे ५५ डॉलर मिळाले, आणि २०२१ मध्ये पहिल्या फेरीच्या शिल्लक गुरांना ६३ डॉलरची वाढ वेगळा अर्ज न घेता दिली गेली. तिन्ही मिळून १५१ डॉलर होतात. २१४ चा आकडा तरीही गाठला जात नाही.

‘मदत गरजेप्रमाणे’ हेही खरं नव्हे. ती जनावरांच्या डोक्यांवर, धान्याच्या साठ्यावर, दुधाच्या वजनावर मोजली गेली, त्यामुळे मोठ्याला मोठी रक्कम मिळाली. पहिल्या फेरीत माणशी कमाल अडीच लाख डॉलर, आणि शेतात स्वतः राबणारे तीन भागीदार असलेल्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत.

आणि ‘डुकरं पाळणाऱ्या सगळ्यांना मिळाली’? आयोवात बरेच शेतकरी कराराने डुकरं वाढवतात. शेड त्यांचं, त्यावरचं कर्ज त्यांचं, राबणं त्यांचं, डुकरं कंपनीची. कारखाने अडले आणि नवी पिल्लं यायची थांबली, तेव्हा शेड रिकामी राहिली आणि मेहनताना बुडाला. पण जनावर मालकीचं नाही, दराची जोखीम नाही, म्हणून पहिल्या दोन्ही फेऱ्यांत असे शेतकरी बाहेरच राहिले. २०२० मध्ये बुडालेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई देणारी वेगळी तरतूद त्यांच्यासाठी झाली. तिचे अर्ज २०२१ मध्ये घेतले गेले.