बाळंतपणे आणि कर्करोग : हिशोबाचे दोन रकाने

सुमारे 300 वर्षांपूर्वी इटलीतील पादुआ येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे वैद्य शिकवीत असत. मठातील जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा जास्त होतो, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे 1842 साली रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील 1760 ते 1839 या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. त्यांनाही तेच दिसले. पण गर्भाशयाचा कर्करोग मात्र जोगिणींमध्ये कमी होता! असे का व्हावे?

प्रथम स्तनाचा कर्करोग पाहू. दर मासिक चक्रात संप्रेरकांच्या प्रभावाने स्तनातील पेशींचे विभाजन होते. विभाजने जितकी अधिक, तितकी जनुकांची नक्कल होताना चूक होण्याची शक्यता अधिक. गरोदरपणात ही चक्रे थांबतात आणि अंगावर पाजत असतानाही बहुधा काही महिने बंद असतात. शिवाय दूध तयार करण्यासाठी या पेशी पक्व होतात आणि पक्व पेशी सहसा बेबंद वाढत नाहीत. 30 देशांतील 47 अभ्यासांचा एकत्रित हिशोब 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर बाळंतपणामागे हा धोका सुमारे 7 टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर वर्षामागे आणखी सुमारे 4.3 टक्क्यांनी घटतो.

आता दुसरा रकाना. गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. तो लैंगिक संबंधांतून पसरतो, म्हणून जोगिणी त्यापासून बऱ्याच अंशी दूर राहिल्या. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा विषाणू हटवते. काहींमध्ये तो वर्षानुवर्षे टिकतो. अशा स्त्रियांमध्ये लहान वयातले पहिले आणि एकूण अधिक बाळंतपणे हा धोका वाढवतात.

एखादा विद्यार्थी विचारेल, ‘‘मग मुलींची लग्ने लवकर केलेली बरी का?’’ हा प्रश्न टाळू नये. फक्त पहिला रकाना वाचला, तर उत्तर चुकते. कोवळ्या वयातील गरोदरपणात रक्तक्षय, रक्तदाब आणि कमी वजनाचे बाळ हे धोके अधिक असतात, आणि दुसरा रकानाही उलटच सांगतो.

टक्क्यांचा अर्थही फळ्यावर मांडून पाहावा. समजा, 1000 स्त्रियांपैकी 30 जणींना आयुष्यात हा रोग होणार आहे. 7 टक्के घट म्हणजे 30 चे सुमारे 28. म्हणजे हजारात दोघींचा फरक. सार्वजनिक आरोग्यासाठी तो मोलाचा आहे. पण ‘मूल नाही म्हणून तिला रोग झाला’ असे एका बाईविषयी म्हणायला त्यात आधार नाही.

गेलेला प्रजनन-इतिहास बदलता येत नाही. पण धोका कमी करता येतो. या विषाणूवरील लस 2006 पासून उपलब्ध आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1999 मध्ये 30 ते 59 वयाच्या स्त्रियांचा मोठा अभ्यास सुरू झाला. विषाणूसाठी एकदाच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे निम्मे झाल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेरोनाच्या नोंदींनी प्रश्न दाखवला; खेड्यातल्या या बायांनी त्याच्या उत्तराला हातभार लावला.