कापडाची गाठ धरलेला गरुड

फ्लोरेन्सला जाऊन आलेली मराठी माणसं बहुतेक तीन गोष्टी सांगतात : डेव्हिडचा पुतळा, मोठा घुमट आणि चामड्याच्या पर्सचा बाजार. हे गाव उभं राहिलं ते लोकरीच्या कापडावर, ही गोष्ट मात्र टूरवर एका वाक्यात उरकली जाते. मी मुंबईतल्या डिलाईल रोडचा. वडील गिरणीत साचे (विणकाम) खात्यात, शेजारचे काका त्रासन (सूतकताई) खात्यात, आणि शाळेला निघायचं ते सात वाजताच्या भोंग्यावर. अशा बी.डी.डी. चाळीत वाढल्यामुळे कापडाचं गाव म्हटलं की माझे कान टवकारतात.

टूरची बस आधी नेते ती आर्नो नदीपलीकडच्या टेकडीवर, पिआत्साले मिकेलांजेलोला. १८६५ ते १८७१ ही सहा वर्षं फ्लोरेन्स इटलीची राजधानी होतं. राजधानीला शोभेल असं शहर करायचं काम जुझेप्पे पोज्जी या वास्तुकाराकडे आलं. त्यानं जुने तट पाडून रुंद रस्ते केले, टेकडीवर वळणं घेत जाणारा रस्ता काढला आणि १८६९ मध्ये वर हा ऐसपैस चौक बांधला. इथं देऊळ नाही, कचेरी नाही, किल्ला नाही. मधोमध डेव्हिडची ब्राँझची प्रतिकृती, भोवती गाड्या आणि आइस्क्रीमवाले, आणि पुढं एक लांबलचक कठडा. माणसांनी यावं, कठड्याला टेकावं आणि आपलं शहर बघावं, एवढ्यासाठी केलेली ही जागा आहे. सरकारी पैशातून असलं काही होऊ शकतं, याचंच मला आधी नवल वाटलं.

कठड्यावरून काय दिसतं ते सांगतो, म्हणजे जाणाऱ्याचं फोटोच्या घाईत काही निसटणार नाही. डावीकडे आर्नोवरचे पूल एकामागे एक. त्यात अंगावर दुकानं वागवणारा तो पोंते वेक्यो. त्याच्या उजवीकडे पालात्सो वेक्यो, म्हणजे जुन्या नगरसभेचा वाडा, त्याच्या उंच मनोऱ्यावरून ओळखायचा. मग जॉत्तोचा घंटामनोरा आणि त्याला लागून ब्रुनेलेस्कीचा तांबड्या कौलांचा घुमट. अगदी उजवीकडे सांता क्रोचे चर्च. सूर्य मावळतो पुलांच्या बाजूला, तेव्हा संध्याकाळी इथं टेकायला जागा मिळवायची तर थोडं रेटावं लागतं. आपल्या लोकांना त्याची सवय आहे.

पण माझं ऐकाल तर तिथून पाठ फिरवून आणखी वर जा. पायऱ्या चढल्या की सान मिनियातो अल मोंते हे जवळजवळ हजार वर्षांचं चर्च लागतं. हिरव्या-पांढऱ्या संगमरवराच्या दर्शनी भिंतीच्या अगदी टोकावर एक गरुड बसलेला दिसेल. त्याच्या पंजात साप नाही की ससा नाही. कापडाची गाठ आहे. कालिमाला या कापड व्यापाऱ्यांच्या महाजनाचं, म्हणजे धंद्याच्या संघाचं, हे चिन्ह. चर्चची देखभाल त्यांच्याकडे होती, म्हणून शिखरावर त्यांनी आपली गाठ नेऊन ठेवली. गिरणीच्या गोदामातून निघणाऱ्या पट्टी मारलेल्या गाठी मी लहानपणी पुष्कळ पाहिल्यात. देवाच्या माथ्यावर गाठ पाहिली ती इथंच.

मोठ्या घुमटाची गोष्टही तीच. कॅथेड्रलच्या बांधकामाचा कारभार १३३१ पासून लोकरवाल्यांच्या महाजनाकडे, आर्ते देला लानाकडे होता. त्यांचं चिन्ह निशाण धरलेलं मेंढरू. कॅथेड्रलवर आणि ओर्सानमिकेले चर्चशेजारच्या त्यांच्या जुन्या कचेरीवर ते शोधत फिरायला मजा येते. घुमटाचं काम १४२० मध्ये सुरू झालं आणि १४३६ मध्ये तो बंद झाला. एवढ्या रुंदीचा घुमट ब्रुनेलेस्कीनं खालून लाकडी आधार न उभारता रचत नेला : आत-बाहेर दोन कवचं, आणि विटांची अशी तिरपी गुंफण की चढता थर स्वतःला धरून राहावा. वर जायला ४६३ पायऱ्या आणि आधी आरक्षण. मी शेजारचा घंटामनोरा चढलो. त्याला ४१४ पायऱ्या आहेत, आणि घुमटावर उभं राहिलं की घुमट दिसत नाही, हा साधा हिशेब. गुडघे कुरकुरले, पण वर पोहोचल्यावर विटांचा तो डोंगर हाताच्या अंतरावर येतो.

आता जे टूरवाले दाखवत नाहीत ते. ही लोकर पिंजणारे, धुणारे, विंचरणारे हजारो मजूर होते; त्यांना चोंपी म्हणत. त्यांना स्वतःची संघटना करायला बंदी होती. ज्या महाजनासाठी ते राबत, तेच त्यांच्यावर न्यायनिवाडा करी. जुलै १३७८ मध्ये चर्चच्या घंटा वाजवून त्यांनी बंड पुकारलं, नगरसभेचा वाडा ताब्यात घेतला आणि मिकेले दी लांदो नावाच्या लोकर विंचरणाऱ्याला नगराच्या सर्वोच्च पदावर बसवलं. मजुरांना स्वतःचं महाजन मिळालं. मालकांनी दुकानं बंद ठेवली, पोटं रिकामी राहिली, बंडात फूट पडली, आणि ऑगस्ट संपता संपता दी लांदोच्याच हातून कडव्या मजुरांचा बीमोड झाला. त्यांचं महाजन मोडीत निघालं. नव्या बाजाराच्या मंडपात, जिथं आपण पर्सचा भाव करतो, तिथंच एका कोनाड्यात या दी लांदोचा पुतळा उभा आहे. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होतो. १८ जानेवारी १९८२ ला आमच्याकडे डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मी पोरगेला होतो. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. चाळीतले लोक एकेक करून वॉचमन झाले, भाजीच्या गाडीवर गेले, गावी गेले. डिलाईल रोडला नाव मिळालं ते ना. म. जोशींचं, १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे, १९२० मध्ये आयटकच्या उभारणीत असलेले. रस्त्याच्या पाटीवर कामगारांचा माणूस आहे, हे आमचं भाग्यच म्हणायचं.

फ्लोरेन्समध्ये मराठी माणसानं पाहावी अशी आणखी एक जागा आहे आणि ती कुठल्याच पत्रकात नव्हती. टूर मॅनेजर पोरगी गोड होती. म्हणाली, ‘‘काका, ते आपल्या कार्यक्रमात नाही, पण दुपार मोकळी आहे.’’ स्टेशनजवळून टी-१ ट्राम पकडून कासिने उद्यानाच्या तोंडाशी उतरायचं आणि नदीच्या कडेकडेनं पश्चिमेच्या टोकापर्यंत चालायचं. चाल बरीच आहे. टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे, आपल्याकडच्या छत्र्यांसारखीच, आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय पुरतं एकवीसही नव्हतं. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून रात्री या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानं रचला तोच. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. पुढं १९७८ मध्ये जवळच दोरखंडांवर तोललेला पूल झाला आणि त्याला नाव पडलं पोंते आलिंदियानो, ‘हिंदी माणसाजवळचा पूल’. गाड्यांच्या रस्त्याखाली पायी चालणाऱ्यांसाठी त्याला वेगळी वाट आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या मित्राला मी तिथून फोन लावला. त्याला आधी खरंच वाटेना.

परतल्यावर मी डिलाईल रोडकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. पाहण्यासारखं इथं कमी नाही : गव्हर्नर लॉइडच्या काळात, १९२० नंतर बांधलेल्या बी.डी.डी. चाळी, तळमजला अधिक तीन, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, बावला मशीद, रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना, फिनिक्स मॉलच्या आवारात उरलेली चिमणी, श्रीनिवास मिलच्या जागेवरचा ७६ मजली मनोरा. नाही ती उभं राहून बघायची जागा. आणि ती नसणं हे काही नशीब नव्हे. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला जायचा होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरियांच्या समितीनं या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता एकत्र आराखडा मांडला. २००१ च्या दुरुस्तीनं ती तृतीयांशाची वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. शेड जिथं उभ्या होत्या ती जमीन हिशेबातूनच गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती ग्राह्य धरली. सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन होती आणि आमच्या वाट्याला त्यातला एक कठडाही आला नाही.

चाळीची गच्ची हा आमचा पिआत्साले होता; मे महिन्यात तिथं झोपायचं, संक्रांतीला पतंग, आणि चहूकडे चिमण्या. चाळी आता पुनर्विकासात जाताहेत. पाचशे चौरस फुटांचं घर मिळणार, त्याबद्दल माझी तक्रार शून्य. १६० फुटांत आम्ही नऊ जण राहिलोय. सातरस्त्याहून निघणारी मोनोरेल २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा वाटलं, चला, फिरता कठडा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तीही कामासाठी बंद झाली. राहिला लोअर परळचा पूल. जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झालेला हा पूल पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्यावरून रूळ दिसतात, कारखान्याच्या शेड दिसतात, मनोरे दिसतात, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना मी तिथंच नेतो. पण रविवारी सकाळीच. इतर दिवशी कठड्याला क्षणभर टेकलात की मागून ऑफिसवाल्यांचा लोंढा येतो आणि कंडक्टर नसतानाही कुणीतरी ओरडतंच, ‘‘पुढे चला!’’